सहीच्या दोन चिठ्ठ्या

आपली माणसं कुठेही नेऊन सोडा. आधी पाण्याची सोय बघतील, मग भाताची, आणि तिसऱ्या दिवशी कमिटी स्थापन करतील. साखरबंदरच्या लोकांनी दुबईच्या बर दुबई भागात नेमकं हेच केलं होतं.

साखरबंदर हे रत्नागिरीकडचं तीनशे उंबऱ्यांचं गाव. दोन बाजूंना समुद्र, तिसरीकडे खाडी, मागे डोंगर. बाजार, कचेरी, सरकारी हॉस्पिटल सगळं खाडीपलीकडे, आणि पलीकडे न्यायला जमातीच्या, म्हणजे गावच्या मुसलमान पंचायतीच्या, मालकीची एकच होडी. विहिरीचं पाणी, लग्नकार्य, कबरस्तान, भाऊबंदकी आणि ही होडी, या सगळ्याचा कारभार एका हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीवर चाले. त्या वहीला म्हणायचे दस्तूर. सरकारचा कायदा खाडीच्या त्या काठापर्यंत यायचा आणि तिथेच चप्पल काढून उभा राहायचा. अलीकडच्या काठावर राज्य दस्तूरचं!

सन एकोणीसशे सदुसष्टमध्ये गावातले निम्म्याहून जास्त कमावते पुरुष दुबई-शारजात होते. मशिदीचं छप्पर, विहिरीचा रहाट, होडीची डागडुजी, सगळ्याला पैसा तिथून जायचा. मग दस्तूर जुना झाला, तो सुधारून द्यावा, असं गावाने त्यांनाच लिहिलं. तेव्हापासून दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की वीस-बावीस माणसं दुबईच्या खाडीजवळच्या एका गल्लीत मरियमबीच्या खानावळीत जमत. मासळीचं कालवण आणि भात पोटात गेला की वही उघडायची.

पाच शुक्रवार झाले होते. त्यातला दीड शुक्रवार अध्यक्षाला 'सदर' म्हणायचं की 'चेअरमन' यात गेला. एक अख्खा शुक्रवार होडीला निळा रंग द्यायचा की हिरवा यात गेला. वाचकहो, हसू नका. आपल्या सोसायटीची, आपल्या पंचायतीची मागची सभा आठवा आणि मग हसा.

या सभांचा लेखनिक होता यूनुस पारकर. वय चौतीस, बंदराचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात क्लार्क. अक्षर असं की मोत्याच्या माळा ओवल्यासारखं. गावात कुणाच्या लग्नाची चिठ्ठी असो की कुणाच्या जमिनीचा अर्ज, 'यूनुसला सांगा' असं ठरलेलं. त्या अक्षराचा त्याला अभिमान होता, आणि त्याच अक्षराने त्याला अडकवलं होतं.

तो गुंता असा. दस्तूरमधलं चौदावं कलम आठ वर्षांपूर्वीचं. दुबईला गेलेल्या पुरुषांनीच ते मागून घेतलं होतं. आम्ही इतक्या लांब, घरी बायका एकट्या, तेव्हा जमातीने लक्ष ठेवावं, असा अर्ज त्यांनी केला. अर्ज लिहिला यूनुसने. जमातीने तो अर्ज जवळपास शब्दाला शब्द कलम म्हणून वहीत उतरवला: 'परदेशी असलेल्या इसमाच्या बायकोने, नवऱ्याच्या सहीची चिठ्ठी दिल्याशिवाय जमातीच्या होडीत पाय ठेवू नये. चिठ्ठीशिवाय जो होडीवाला नेईल त्याचा होडीचा हक्क जाईल.'

मग त्यातून एक रीतच पडली. पुरुष रजा संपवून निघायला लागला की बायकोच्या नावाने सहीच्या काही चिठ्ठ्या जमातीच्या सेक्रेटरीकडे ठेवून जायचा. एका फेरीला एक चिठ्ठी. आणि किती चिठ्ठ्या ठेवल्या यावरून माणसाची किंमत ठरायला लागली! जास्त ठेवल्या तर बायको फिरस्ती. कमी ठेवल्या तर घराणं वजनदार. कमिटीचे चेअरमन हमदुल्ला मुकादम तर एकही ठेवत नसत. "आमच्या घरात चिठ्ठी लागतच नाही," असं ते मिशीवर हात फिरवून सांगायचे आणि बाकीचे माना डोलवायचे.

दोन वर्षांपूर्वी यूनुस निघाला तेव्हा पाच चिठ्ठ्या लिहून, खिशात घालून सेक्रेटरीकडे गेला होता. वर्ष-दोन वर्षांचा मामला, घरात अंथरुणाला खिळलेले वडील, लहान मुलगी. पाच तरी हव्यात, असा त्याचा हिशोब. पण सेक्रेटरीच्या ओटीवर नेमका हमदुल्ला बसलेला, शिवाय आणखी चार टाळकी. यूनुसचा हात खिशात गेला आणि दोनच चिठ्ठ्या घेऊन बाहेर आला. उरलेल्या तीन त्याने आगबोटीवरून समुद्रात फाडून टाकल्या. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

त्या मार्चमध्ये एका गुरुवारी हाफिजाचं पत्र आलं. त्याची बायको हाफिजा चौथीपर्यंत शिकलेली, पत्र स्वतःच लिहायची. नेहमीसारखा खुशालीचा मजकूर त्यात नव्हता.

'शहरबानूचा उजवा कान दुखतो,' तिने लिहिलं होतं. शहरबानू म्हणजे त्यांची सहा वर्षांची लेक. 'दहा दिवस झाले. कानातून पाणी येतं, ताप उतरत नाही. हकीमसाहेबांनी गरम तेल घातलं, त्याने वाढलं. पलीकडे हॉस्पिटलात न्यायला हवं. तुमच्या दोन्ही चिठ्ठ्या खलास झाल्या. एक माझ्या अब्बांच्या मयतीला, एक चाळिसाव्याला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, कानदुखी म्हणजे काही मरणाचं दुखणं नाही, यूनुसकडून चिठ्ठी मागव. कुणाबरोबर तरी पोरीला पाठवतो असंही म्हणाले, पण कोण जातो? भाऊ बहारीनला, तुमचे वडील खाटेवर. आणि पोर मला सोडून कुणाकडे जात नाही. मी तीनदा होडीपाशी जाऊन आले. खैरुद्दीनचाचा मान खाली घालून बसतात. त्यांचंही पोट त्या होडीवर आहे. लवकर चिठ्ठी पाठवा.'

पत्रावरची तारीख पंधरा दिवसांपूर्वीची होती.

यूनुसने उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली, पोस्टात टाकली. पण ती पोचायला आणखी पंधरा दिवस! तो धावत तार ऑफिसात गेला. सेक्रेटरीला तार केली: हाफिजाला जाऊ द्या. रविवारी उलट तार आली. तिच्यात लिहिलं होतं, तारेवर सही नाही, दस्तूरप्रमाणे चिठ्ठी पाठवा.

तारेचा तो कागद त्याने दोनदा उलटा करून पाहिला. शब्द सेक्रेटरीचे होते, पण त्यामागचं वाक्य त्याचं स्वतःचं. 'सहीची' हा शब्द त्याने तेव्हा मुद्दाम घातला होता, कुणी लबाडी करू नये म्हणून. वाक्य कसं पक्कं झालं, म्हणून तेव्हा त्याला शाबासकीही मिळाली होती.

मग स्वतःच जावं म्हणून तो मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब काही राक्षस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"यूनुस, मुझे बहुत अफसोस है. लेकिन अभी दो जहाज अनलोड होने हैं. दो महीने बाद छुट्टी सँक्शन कर दूँगा, इन्शाल्ला."

"साहब, बच्ची बीमार है. मेरा पासपोर्ट दे दीजिए, मैं अपने खर्चे से जाता हूँ."

"पासपोर्ट तो सेफ में है. और मेरे लेटर के बिना बंदरवाले तुम्हें जहाज पर चढ़ने देंगे क्या?" साहेब हसले. "समझा करो. एक को छोड़ूँ तो सब भागेंगे. रूल रूल है."

तिजोरी साहेबांच्या खुर्चीमागेच होती, राखी रंगाची, कमरेइतकी उंच. यूनुस चहा तसाच ठेवून बाहेर आला. दुबईच्या खाडीतल्या अब्रेत, म्हणजे तरीच्या होडीत, बसला, समोरच्या देरा भागात उतरला, तिथून पुन्हा अब्रेत बसून परत आला. एका फुटकळ नाण्यात इथे कुणीही खाडी ओलांडत होतं. बुरखेवाल्या बाया, मजूर, शेळ्यासुद्धा! त्याच्या हाफिजाला मात्र तसलीच खाडी ओलांडता येत नव्हती. आणि त्याला हा समुद्र.

त्या संध्याकाळी त्याने ताटातल्या भाताला हात लावला नाही. मरियमबीने ते पाहिलं.

मरियमबी साखरबंदरचीच. नवरा लाँचवर खलाशी होता, वादळात गेला. मग ती भावाबरोबर दुबईला आली आणि तिने ही खानावळ उघडली. पन्नाशीची, आवाज खणखणीत, हाताला चव. गावचे पुरुष जेवायला बसले की ती गोणपाटाच्या पडद्याआड चुलीपाशी असे, पण पडद्यातून तिला सगळं ऐकू येई.

"काय रे, कालवणात मीठ कमी पडलं की घरून काही आलंय?"

यूनुसने पत्र पुढे केलं, आणि तिला वाचता येत नाही हे आठवून स्वतःच वाचून दाखवलं. तारही वाचली. ती ऐकत राहिली.

"शुक्रवारी दस्तूरचं शेवटचं वाचन आहे ना?" तिने विचारलं. "मग बोल की सभेत. कलम काढून टाका म्हण."

"कसं बोलू, खाला? मागच्या महिन्यात चौदावं कलम आलं तेव्हा सगळे म्हणाले, जैसे थे. मीच लिहून घेतलं, जैसे थे. आता माझ्यावर आलं म्हणून उठून बोलू? म्हणतील, यूनुसची बायको भटकायला निघाली."

"म्हणतील म्हणून लेक गमावणार?"

"ते कलम माझ्या हातचं आहे, खाला!" यूनुसचा आवाज फुटला. "मीच कुलूप केलं. मीच किल्ली समुद्रात फेकली." आणि पहिल्यांदाच त्याने ते सांगून टाकलं: पाच चिठ्ठ्यांचं, ओटीवरच्या टाळक्यांचं, आगबोटीचं.

मरियमबी त्याला रागे भरली नाही. तिने ताट उचललं, भात परत गरम केला आणि पुढ्यात ठेवला. "शुक्रवारी ये," एवढंच म्हणाली. "वही विसरू नकोस."

शुक्रवार उजाडला. उकाडा त्या वर्षी लवकर आला होता. खानावळीच्या छताला वाऱ्याचा झरोका होता, पण वाराच नव्हता. बावीस माणसं भिंतीला टेकून बसली. हमदुल्ला मुकादम मधे, समोर हिरवी वही. यूनुस कलमं वाचू लागला. पहिलं मंजूर, दुसरं मंजूर. चेअरमन हा शब्द कायम. होडीला हिरवा रंग कायम. तेरावं कलम वाचून झालं आणि त्याची जीभ अडली.

"यल्ला, यल्ला," शिंपीकाम करणारा जहूर काझी म्हणाला. "चौदा जैसे थे. पुढे चल. मला चार वाजता शारजाची गाडी पकडायचीय."

"काय रे यूनुस, बरं नाही का?" हमदुल्लाने विचारलं. माणूस कडक, पण गावच्या पोरांवर जीव टाकणारा. "तोंड उतरलंय तुझं."

"पोरगी आजारी आहे, चाचा. घरी जायचंय. साहेब लीव्ह देत नाहीत, पासपोर्ट तिजोरीत आहे. लेटर देणार नाही म्हणतात."

खोलीत एकदम गलका झाला. ही गोष्ट प्रत्येकाच्या दुखऱ्या नसेवर पडली. बावीसमधल्या अठरा जणांचे पासपोर्ट कुणाच्या ना कुणाच्या तिजोरीत होते.

"जुलूम आहे हा!" जहूर ओरडला. "माझा बाप गेला तेव्हा मला हेच सांगितलं. चाळिसावा झाल्यावर पोचलो मी!"

"वही ठेव बाजूला," हमदुल्ला गरजला. "कागद घे. अर्ज लिही. बावीस सह्यांनिशी मी स्वतः तुझ्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवतो. मी सांगतो तसं लिही."

यूनुसने कागद घेतला. हमदुल्ला सांगत गेला, कुणी कुणी मधेच भर घालत गेलं, आणि यूनुसचं मोत्यासारखं अक्षर कागदावर उतरत गेलं. शेवटी हमदुल्ला म्हणाला, "वाच."

यूनुसने वाचलं. "साहेब, यूनुस पारकर अज्ञान बालक नाही. भलंबुरं त्याला कळतं. पोटचं लेकरू तापाने फणफणत असताना त्याच्यासाठी पाऊल उचलायला दुसऱ्याची चिठ्ठी लागावी, ही शरमेची गोष्ट आहे. आपण म्हणता एकाला सोडलं तर सगळे पळतील. साहेब, जो इमानाने राहतो तो कुलपामुळे राहत नाही. आम्ही आपले आहोत, पण आपली मालमत्ता नाही. माणसाला असं अडकवून ठेवायचा हक्क अल्लाने कुणालाच दिलेला नाही."

"वाहवा!" जहूर म्हणाला. "एक शब्द बदलू नका."

"एक बदला," पडद्यामागून आवाज आला.

गोणपाटाचा पडदा सरकला. मरियमबी ओढणी सारखी करत बाहेर आली आणि सभेच्या मधोमध उभी राहिली. पाच शुक्रवारांत हे कधी घडलं नव्हतं.

"यूनुस, परत वाच. 'साहेब' असेल तिथे 'साखरबंदरची जमात' म्हण. आणि यूनुस पारकर असेल तिथे हाफिजा म्हण. बाकी एक शब्द बदलू नकोस. जहूरभाईंनीच सांगितलंय."

यूनुसने चेअरमनकडे पाहिलं, मग कागदाकडे. आता गप्प राहिलो तर जन्मभर गप्पच राहावं लागेल, हे त्याला कळून चुकलं. तो वाचू लागला.

"साखरबंदरची जमात, हाफिजा अज्ञान बालक नाही. भलंबुरं तिला कळतं. पोटचं लेकरू तापाने फणफणत असताना त्याच्यासाठी पाऊल उचलायला..." त्याने खिशातून हाफिजाचं पत्र काढलं आणि जहूरच्या हातात दिलं. "तू वाच. माझ्याने होत नाही."

जहूरने ते पत्र मोठ्याने वाचलं. तीनदा होडीपाशी जाऊन आले, हे वाक्य आलं तेव्हा त्याचा आवाज खाली आला. मग त्याने सेक्रेटरीची तारही वाचली. तारेवर सही नाही. कुणीतरी 'या अल्ला' म्हणालं.

"बाईमाणसाची गोष्ट वेगळी असते, मरियमबी," हमदुल्ला म्हणाला, पण त्याच्या आवाजात मघाचा जोर नव्हता. "जमाना खराब आहे. आम्ही इज्जतीसाठी केलं ते."

"वेगळी कशी? तुम्हाला मुलूख आठवतो आणि तिला हॉस्पिटल आठवत नाही? साहेब म्हणतो जमाना खराब, सगळे पळतील. तुम्ही म्हणता जमाना खराब, बायका बिघडतील. तुम्ही कुठे पळालात? आणि आठ वर्षांत साखरबंदरची कुठली बाई बिघडली, एकीचं नाव सांगा!"

जहूरने पत्राची घडी करून यूनुसला परत दिली.

"माझं ऐका," मरियमबी म्हणाली. "माझा नवरा लाँचवर होता तेव्हा मला चिठ्ठी लागायची. तो बुडाला. विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले आणि मी होडीपाशी गेले. खैरुद्दीनभाई म्हणाले, बस, तुला आता चिठ्ठी लागत नाही, तुझा नवरा परदेशी नाही. अहो, मी खाडीच्या मधोमध रडले! नवरा जिवंत असेपर्यंत मी कैदी आणि तो मेला की मी मोकळी? हा कसला दस्तूर लिहिलात रे बाबांनो? तुमच्या बायकांनी मोकळं व्हायला काय दुआ मागावी?"

चुलीवर काहीतरी करपत होतं, तिकडे कुणी गेलं नाही.

हमदुल्ला मुकादम खाली मान घालून बसला होता. मग बोलला, कुणाकडेच न बघता.

"दोन वर्षांपूर्वी माझ्या मैमुनाबीची आई गेली. पलीकडच्या काठावर, बाजारपेठेत. होडीने पाव तास. मैमुनाने मला पत्रात लिहिलं, आईची माती झाली, घरी सगळी खुशाल. बस एवढंच. मी इथे सगळ्यांना सांगितलं, बघा, माझ्या बायकोने चिठ्ठी मागितलीसुद्धा नाही." त्याने मिशीकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला. "ती अलीकडच्या काठावर उभी राहिली असेल रे. मयत निघताना दिसते तिथून. मी एक चिठ्ठी ठेवली असती तर..."

एवढा मोठा माणूस, आणि उपरण्यात तोंड घालून हुंदके देऊ लागला!

शेवटी तोच उठला. हिरवी वही ओढून त्याने यूनुसपुढे टाकली. "खोड."

यूनुसने लेखणी उचलली. आठ वर्षांपूर्वी जे वाक्य घडवायला त्याला एक रात्र लागली होती, त्याच्यावर त्याने आडवी रेघ मारली. एक मारून समाधान झालं नाही, म्हणून दुसरी मारली.

"आता तार कर," हमदुल्ला म्हणाला. "माझ्या नावाने. चौदावं कलम रद्द. आणि सेक्रेटरी म्हणाला तारेवर सही नाही, तर त्याला सांग, सही मागणारं कलमच उरलं नाही!"

"एवढ्याने नाही भागायचं," मरियमबी म्हणाली. "आज हे खोडलंत, उद्या दुसरं लिहाल. माझं कलम लिहून घ्या त्या जागी. ज्याच्यावर नियम करायचा तो माणूस सभेत बसलेला असल्याशिवाय नियम करायचा नाही. बायकांबद्दल असेल तर बायका बसतील. होडीवाल्याबद्दल असेल तर खैरुद्दीन बसेल."

"सभेत बायका?" कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं.

"मी आता बसलेच आहे की," असं म्हणून मरियमबीने खरोखरच चटईवर बैठक मारली. जहूर सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली. त्याची शारजाची गाडी केव्हाच निघून गेली होती. मतं घेतली. बावीस हात वर झाले, काही लगेच, काही इकडेतिकडे बघून.

साहेबांकडे नेलेल्या अर्जाचं काय झालं? हमदुल्लाने तो नेला. साहेबांनी वाचला, घडी करून खणात ठेवला आणि म्हणाले, दो महीने बाद. आपण आपली तिजोरी उघडली म्हणून दुसऱ्याची लगेच उघडते असं नाही, वाचकहो. पण एक मात्र झालं. त्या अर्जातला शब्द न् शब्द सांगायचा हक्क त्या बावीस जणांना त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला.

आठवडे गेले. यूनुस रोज पोस्टात जाऊन यायचा. शेवटी हाफिजाचं पत्र आलं.

'तार पोचली. होडी आता सगळ्यांना नेते. पण तार आली त्याच्या आदल्या दिवशीच मी गेले होते. अवसेची मोठी ओहोटी होती. पाणी कंबरेपर्यंत उतरलं, तेव्हा शहरबानूला खांद्यावर घेतलं आणि चालत निघाले. दस्तूरमध्ये होडीत पाय ठेवू नये असं आहे, खाडीत ठेवू नये असं नाही. चिखल फार होता. खैरुद्दीनचाचा रिकामी होडी माझ्या शेजारून चालवत होते, या काठापासून त्या काठापर्यंत. त्यांनी मला बसवलं नाही आणि सोडलंही नाही. काठावर पोचले तर त्यांचे डोळे भरलेले.

'डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. ताप उतरला. पोर वाचली, अल्लाचा शुकर. पण डॉक्टर म्हणाले, वीस दिवस आधी आणायला हवं होतं. उजवा कान गेला. त्या कानाने तिला आता कधीच ऐकू येणार नाही.

'कलम तुम्ही खोडलंत असं सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलं. कलम तुम्हीच लिहिलं होतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. अर्जावरचं तुमचं अक्षर मी ओळखते. तुमच्यावर रागवायला माझ्याकडे वेळ नव्हता, आता मिळाला तर बघीन. तुम्ही याल तेव्हा एक ध्यानात ठेवा. पोरीला हाक मारायची तर डाव्या बाजूने मारा. उजवीकडून मारलीत तर ती येणार नाही, आणि तुम्हाला वाटेल पोर बापाला विसरली.'

बंधुभगिनींनो, नियम वाईट माणसंच करतात असं नाही. यूनुससारखी भली माणसंही करतात, काळजीपोटी, इज्जतीपोटी, चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून. गावाची वही असो, सोसायटीची असो की आपल्या घरातली न लिहिलेली असो, ती अधूनमधून उघडावी. नुसती रंग ठरवायला नव्हे! प्रत्येक कलमाशी थांबून विचारावं, हे ज्याच्यावर लिहिलंय तो इथे बसलाय का? बसला नसेल तर त्याला बोलावून आणावं आणि मगच लेखणी उचलावी. खोडलेलं कलम मिटतं, पण त्याच्यामुळे गेलेलं परत येत नाही.

मे महिन्याच्या अखेरीला, पाऊस लागायच्या आत, यूनुस खाडीच्या पलीकडच्या काठावर उतरला. हिरव्या रंगाची होडी उभी होती. आत सहा बायका बसलेल्या, बाजाराच्या पिशव्या घेऊन, मोठमोठ्याने बोलत. खैरुद्दीनने त्याची पेटी उचलून घेतली.

अलीकडच्या काठावर हाफिजा उभी होती. तिच्या पुढे, पाण्याकडे पाठ करून, शहरबानू शंखशिंपले वेचत बसली होती. दोन वर्षांत तिची उंची हातभर वाढली होती. होडी लागली तशी यूनुसने उडी टाकली आणि हाक मारायला तोंड उघडलं.

मग तो थांबला. त्याने ओल्या वाळूतून पोरीला लांबून वळसा घातला, तिच्या डाव्या बाजूला गेला, गुडघ्यावर बसला आणि हळूच हाक मारली.

"शहरबानू."

पोरीने वळून पाहिलं.